गोलकीपरच्या चेहऱ्यावर १० स्टेपल्स, तरी रेड कार्ड नाही! फुटबॉलचा नियम नेमकं काय सांगतो?

१८ डिसेंबर २०२४ ची रात्र. फ्रान्सच्या लीग वनमध्ये मोनॅको विरुद्ध पॅरिस सेंट जर्मेन म्हणजेच पीएसजी असा सामना सुरू होता. मैदान मोनॅकोचं, स्कोअर ०-०, आणि घड्याळात जेमतेम १७ वं मिनिट.

मोनॅकोचा डिफेंडर विल्फ्रिड सिंगो पीएसजीच्या गोलसमोर पोचला आणि त्याने शॉट मारला. इटलीचा गोलकीपर जियानलुइजी डोनारुम्मा बॉल अडवायला खाली झेपावला. सिंगो वेगात होता, तो डोनारुम्माच्या अंगावरून पुढे गेला आणि जाताना त्याच्या बुटाचे स्टड्स थेट डोनारुम्माच्या चेहऱ्यावर घासले. डोळ्याखाली गाल फाटला. ते फोटो तुम्ही तेव्हा पाहिले असतील, तर अजून विसरला नसाल. डोनारुम्माला मैदान सोडावं लागलं, त्याच्या जागी मात्वेई साफोनोव आला आणि जखम बंद करायला १० स्टेपल्स घालावे लागले.

आता यातली खरी वादाची गोष्ट. सिंगोला त्याआधीच एक यलो कार्ड मिळालं होतं. म्हणजे या धडकेसाठी नुसतं यलो जरी दाखवलं असतं, तरी तो मैदानाबाहेर गेला असता आणि मोनॅकोला ७० पेक्षा जास्त मिनिटं १० खेळाडूंनिशी खेळावं लागलं असतं. पण रेफरी फ्रँस्वा लेतेक्सिए यांनी कोणतंच कार्ड काढलं नाही. आणि हे कोणी नवखे रेफरी नव्हते. त्याच वर्षी झालेल्या युरो कपची फायनल त्यांनीच सांभाळली होती.

पीएसजीने तो सामना ४-२ असा जिंकला, पण दुसऱ्या दिवशी स्कोअरबद्दल कोणी बोलत नव्हतं. सगळीकडे एकच फोटो आणि एकच प्रश्न होता, "हे रेड नाही, तर मग रेड असतं तरी काय?"

तर तेच समजून घेऊ.

नियमात तीन पायऱ्या आहेत

फुटबॉलचे नियम आयफॅब नावाची संस्था ठरवते. त्यातला १२ वा नियम फाउल आणि गैरवर्तनाचा. कोणत्याही धडकेकडे बघताना रेफरीने तीन पायऱ्यांवर विचार करायचा असतो.

पहिली पायरी, निष्काळजीपणा. खेळाडूचं लक्ष नव्हतं, त्याने पुरेशी खबरदारी घेतली नाही. शिक्षा फक्त फ्री किक किंवा पेनल्टी. कार्ड नाही.

दुसरी पायरी, बेपर्वाई. आपण असं केल्याने समोरच्याला धोका होऊ शकतो, याची फिकीर न करता खेळाडू घुसला. शिक्षा यलो कार्ड.

तिसरी पायरी, गरजेपेक्षा जास्त ताकद वापरणं किंवा समोरच्याची सुरक्षितता धोक्यात आणणं. शिक्षा थेट रेड कार्ड.

ऐकायला सोपं वाटतं. पण मैदानात या तीन पायऱ्यांच्या मध्ये काही रेषा आखलेली नसते. बेपर्वाई कुठे संपते आणि जिवाशी खेळ कुठे सुरू होतो, हे एका माणसाला दोन-तीन सेकंदांत ठरवायचं असतं. त्यामुळे एकच धडक दोन चांगल्या रेफरींना दोन वेगवेगळ्या पायऱ्यांवर दिसू शकते.

आपण चाहते कुठे चुकतो?

अशा प्रत्येक वादात चार वाक्यं हमखास ऐकू येतात. एकेक तपासू.

१) "त्याने मुद्दाम नाही केलं, मग रेड कसलं?"

रेड कार्डसाठी खेळाडूने मुद्दाम मारलं हे सिद्ध व्हावं लागत नाही. ज्याला नियमात गंभीर फाउल म्हणतात, त्यात प्रश्न एवढाच असतो की समोरच्याची सुरक्षितता धोक्यात आली का. तुमचा हेतू स्वच्छ असू शकतो आणि तरीही तुम्ही रेडला पात्र असू शकता. रस्त्यावर भरधाव गाडी चालवणाऱ्याचंही असंच असतं. कोणाला उडवायचं म्हणून तो घरातून निघालेला नसतो.

२) "बॉल आधी लागला होता ना!"

बॉलला आधी पाय लागला की सगळं माफ, असं नियमात कुठेही लिहिलेलं नाही. बॉल मिळवल्यानंतर तुमचा पाय कुठे गेला, किती जोरात गेला, स्टड्स कुठे लागले, हे सगळं मोजलं जातं.

३) "गोलकीपरला हात लावला की फाउलच. तेही सहा यार्डांच्या चौकटीत!"

हा समज जुन्या काळातून आलेला आहे. आजच्या नियमात त्या छोट्या चौकटीत गोलकीपरला कोणतंही वेगळं कवच नाही. खास संरक्षण एकाच वेळी मिळतं, बॉल त्याच्या हाताच्या ताब्यात असताना. तेव्हा त्याच्याशी झुंजता येत नाही. दोन्ही हातांत बॉल धरलेला असेल, किंवा एका हाताने जमिनीवर किंवा स्वतःच्या अंगाशी दाबलेला असेल, तर तो ताबा धरला जातो. बॉल मोकळा असेल, तर गोलकीपरही बाकीच्या दहा जणांसारखाच एक खेळाडू.

४) "एवढं रक्त आलंय, रेड हवंच!"

हे सगळ्यात अवघड, कारण फोटो बघितल्यावर आपल्या सगळ्यांच्या मनात हेच येतं. पण नियम कृती बघतो, जखम नाही. साध्या धडकेतून हाड मोडू शकतं आणि भयानक टॅकलनंतर समोरचा उठून चालायला लागू शकतो.

याचं एक ठळक उदाहरण आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये एव्हर्टनविरुद्ध खेळताना टॉटनहॅमच्या सोन ह्युंग-मिनने आंद्रे गोमेसला टॅकल केलं. गोमेस घसरला, सर्ज ऑरियेवर आदळला आणि त्याच्या घोट्याला भयंकर दुखापत झाली. रेफरी मार्टिन अ‍ॅटकिन्सन यांनी आधी यलो काढलं होतं. दुखापत किती मोठी आहे हे दिसल्यावर त्याचं रेड झालं. दोनच दिवसांत इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने अपिलावर ते रेड रद्द केलं. टॅकल तेवढ्या गंभीर पायरीवरचं नव्हतं, परिणाम मात्र होता.

मग व्हीएआर काय करत होतं?

डोनारुम्माच्या प्रकरणात लोकांचा सर्वात जास्त राग व्हीएआरवर होता. समोर एवढे स्क्रीन, एवढे कॅमेरे, तरी कोणालाच दिसलं नाही?

दिसलं नसेल असं नाही. अडचण अधिकाराची होती.

त्या सामन्याच्या वेळी लागू असलेल्या नियमांनुसार व्हीएआर चारच गोष्टींत बोलू शकत होतं. गोल झाला की नाही, पेनल्टी आहे की नाही, थेट रेड कार्ड, आणि कार्ड चुकीच्या खेळाडूला दाखवलं गेलं का. या यादीत "दुसरं यलो द्यायचं राहिलं" हे कुठेच नव्हतं. त्यातही रेफरीची चूक "स्पष्ट आणि उघड" असेल, तरच व्हीएआरने मध्ये पडायचं. वाद घालायला जागा असेल, तर मैदानावरचा निर्णय कायम.

आता सिंगोच्या बाबतीत हे लावून बघा. त्याची धडक थेट रेडची होती का? यावर जाणकारांमध्येही दोन मतं पडली असती. तो शॉट मारून वेगात पुढे जात होता, गोलकीपर खाली पडलेला होता, पाय हवेत थांबवणं सोपं नव्हतं. पण ती यलोची होती का? इथे मात्र वाद घालणं कठीण आहे. जमिनीवर पडलेल्या माणसाच्या डोक्यावरून स्टड्स नेताना समोरच्याचं काय होईल याची काळजी घेणं, ही खेळाडूचीच जबाबदारी.

म्हणजे गंमत बघा. जो निर्णय बहुतेकांना पटला असता, तो होता दुसरं यलो आणि त्यामुळे रेड. आणि नेमका तोच निर्णय सुचवायचा अधिकार व्हीएआरकडे नव्हता. त्याच्यापुढे दोनच पर्याय होते. एकतर थेट रेड सुचवायचं, नाहीतर गप्प बसायचं. ते गप्प बसलं.

सिंगोला आधीचं यलो मिळालेलं नसतं आणि रेफरीने या धडकेसाठी यलो दाखवलं असतं, तर हा वाद बहुधा एका दिवसात विझला असता.

स्लो मोशनमध्ये सगळंच मुद्दाम केल्यासारखं दिसतं

आपल्यापैकी बहुतेकांनी ही धडक रिप्लेमध्ये, तीही संथ केलेली पाहिली. किंवा नुसता फोटो पाहिला, ज्यात स्टड्स गालाला टेकलेले आहेत आणि वेळ गोठलेली आहे.

बेल्जियममधल्या ल्युवेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. युरोपातल्या ५ देशांच्या ८८ अव्वल रेफरींना फाउलच्या क्लिप्स दाखवल्या, काहींना नेहमीच्या वेगात, काहींना स्लो मोशनमध्ये. फाउल आहे की नाही हे ओळखण्यात दोन्ही गटांत खास फरक पडला नाही. पण स्लो मोशन बघणाऱ्यांनी शिक्षा जास्त कडक सुनावली. थांबवायला वेळ होता तरी थांबला नाही, असं स्लो मोशनमध्ये वाटतं. प्रत्यक्षात तो वेळ नव्हताच.

म्हणूनच व्हीएआरच्या नियमावलीतही फरक केलेला आहे. पाय नेमका कुठे लागला हे बघायला स्लो मोशन वापरा, पण धडकेत जोर किती होता हे नेहमीच्या वेगात बघा. अव्वल रेफरींचे डोळे फसत असतील, तर रिक्षात बसून मोबाईलवर क्लिप बघणाऱ्या आपलं काय?

सारख्या वाटणाऱ्या तीन धडका, तीन निकाल

लोक जुनी उदाहरणं देतात ते बरोबरच आहे. फक्त ती नीट लावून बघायला हवीत.

माने आणि एडरसन, सप्टेंबर २०१७. मँचेस्टर सिटीचा गोलकीपर एडरसन पेनल्टी बॉक्सच्या बाहेर येऊन बॉल डोक्याने मारत होता. लिव्हरपूलच्या सादिओ मानेने त्याच बॉलसाठी पाय डोक्याच्या उंचीपर्यंत उचलला. त्याची नजर बॉलवरच होती. पाय एडरसनच्या चेहऱ्यावर बसला. रेफरी जॉन मॉस यांनी थेट रेड दाखवलं. इंग्लंडच्या लीगमध्ये तेव्हा व्हीएआर आलेलंही नव्हतं. मानेवर तीन सामन्यांची बंदी आली. ती कमी करण्यासाठी लिव्हरपूलने अपील केलं, तेही फेटाळलं गेलं. इथे मुद्दा साधा होता. एवढ्या उंचीवर पाय नेला की समोरच्याचं डोकं धोक्यात येणारच.

रॉबर्ट्स आणि मतेता, मार्च २०२५. एफए कपमध्ये मिलवॉलचा गोलकीपर लियाम रॉबर्ट्स बॉल मारायला धावत बाहेर आला आणि त्याचा बूट क्रिस्टल पॅलेसच्या जाँ-फिलिप मतेताच्या डोक्यावर बसला. मतेताच्या कानाला २५ टाके पडले. आधी कार्ड निघालं नव्हतं, पण व्हीएआरने सांगितल्यावर रेड निघालं. नंतर नेहमीची तीन सामन्यांची बंदी कमी वाटली म्हणून ती सहा सामन्यांची केली गेली. थेट रेडची स्पष्ट केस असेल, तर व्हीएआर बोलतं, ते हे असं.

हंट आणि चेक, ऑक्टोबर २००६. रेडिंगविरुद्धच्या सामन्यात पहिल्याच मिनिटाला स्टीफन हंटचा गुडघा चेल्सीचा गोलकीपर पीटर चेकच्या डोक्यात बसला. चेकची कवटी फ्रॅक्चर झाली. जीव वाचला हेच नशीब. हंटला साधं यलोही दाखवलं नाही आणि नंतरही त्याच्यावर कारवाई झाली नाही. त्याच सामन्यात चेकच्या जागी आलेला कार्लो कुदिचिनीही दुसऱ्या धडकेत बेशुद्ध झाला आणि शेवटी जॉन टेरीला गोलमध्ये उभं राहावं लागलं. चेक जानेवारी २००७ मध्ये परतला, ते डोक्यावर काळं हेडगार्ड घालूनच. निवृत्त होईपर्यंत त्याने ते काढलं नाही.

तीनही धडका डोक्यावर. सगळ्यात जीवघेणी दुखापत झालेल्या चेकच्या वेळी कार्ड शून्य.

एकेकाळी तर हा गोल धरला जायचा

आज आपण स्टड्सवर भांडतोय, पण ७० वर्षांपूर्वीचं चित्र वेगळं होतं. इंग्लंडच्या एफए कपच्या सलग तीन फायनल्स बघा.

१९५६ मध्ये मँचेस्टर सिटीच्या बर्ट ट्राउटमनची मान धडकेत मोडली आणि तरीही तो शेवटपर्यंत खेळला. १९५७ मध्ये अ‍ॅस्टन व्हिलाच्या पीटर मॅकपारलंडच्या धडकेने मँचेस्टर युनायटेडच्या रे वूडचं गालाचं हाड तुटलं. बदली खेळाडूची सोयच नव्हती, त्यामुळे जॅकी ब्लँचफ्लॉवर गोलमध्ये उभा राहिला. पुढे मॅकपारलंडनेच दोन गोल करून कप जिंकून दिला. १९५८ मध्ये बोल्टनच्या नॅट लॉफ्टहाउसने युनायटेडच्या हॅरी ग्रेगला बॉलसकट गोलमध्ये ढकललं. तो गोल मान्य झाला.

तेव्हा खांद्याने गोलकीपरला धक्का देणं हा खेळाचा भाग मानला जायचा. वर्ल्ड कपमध्ये रेड आणि यलो कार्डं आली, तीच मुळी १९७० मध्ये. त्यानंतरही १९८२ च्या वर्ल्ड कप सेमीफायनलमध्ये पश्चिम जर्मनीचा गोलकीपर हाराल्ड शूमाखर फ्रान्सच्या पॅट्रिक बॅटिस्टनवर आदळला. बॅटिस्टनचे दात पडले, मणक्याला इजा झाली, आणि रेफरीने साधा फाउलही दिला नाही.

गोलकीपरसाठी आणि गोलकीपरपासून, दोन्ही बाजूंनी संरक्षण हळूहळू वाढत आलंय. आजचे नियम अशा दुखापतींची किंमत मोजून आलेले आहेत.

तोच डोनारुम्मा, पण यावेळी पलीकडच्या बाजूला

सिंगोच्या धडकेनंतर साडेसहा महिने झाले. ५ जुलै २०२५, क्लब वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल, पीएसजी विरुद्ध बायर्न म्युनिक. मोकळ्या बॉलवर डोनारुम्माने झेप घेतली आणि तो बायर्नच्या जमाल मुसियालाच्या पायावर आदळला. मुसियालाच्या पायाचं हाड मोडलं, घोटा सरकला. रेफरी अँथनी टेलर यांनी फाउल दिला नाही. मुसियालाचा पाय बघून डोनारुम्मा चेहरा हातांत लपवून बसला. बायर्नचा गोलकीपर मान्युएल नॉयर याने मात्र एवढी जोखीम घेण्याची गरज नव्हती, असं म्हणत त्याच्यावर टीका केली.

डिसेंबरमध्ये ज्याच्यासाठी न्याय मागितला जात होता, जुलैमध्ये त्याच्याकडेच बोट दाखवलं जात होतं. माणूस तोच, खेळायची पद्धत तीच. बदलली ती फक्त जखमेची जागा.

आणि आता मुद्द्याची गोष्ट

डिसेंबरच्या त्या सामन्यानंतर सिंगोला सोशल मीडियावर काय आलं माहितीये? नियमांवरची चर्चा कमी, वर्णद्वेषी शिव्या जास्त. आयव्हरी कोस्टकडून खेळणाऱ्या या मुलाने डोनारुम्मा लवकर बरा व्हावा अशी इच्छा जाहीरपणे व्यक्त केली होती. तरीही त्याच्या कातडीच्या रंगावरून मेसेज येत राहिले. मोनॅको क्लबला निवेदन काढून या प्रकाराचा निषेध करावा लागला.

हे नवीन नाही. ५ सप्टेंबर १९३१ ला ग्लासगोमध्ये सेल्टिकचा २२ वर्षांचा गोलकीपर जॉन थॉमसन, रेंजर्सच्या सॅम इंग्लिशच्या पायाशी झेपावला. इंग्लिशचा गुडघा त्याच्या डोक्यात बसला आणि त्याच रात्री थॉमसन गेला. चौकशीत हा अपघात असल्याचं स्पष्ट झालं. पण पुढे मैदानामागून मैदानात इंग्लिशला हुर्यो ऐकावी लागली. चौकशीने त्याला सोडलं, गर्दीने नाही.

आणि आपल्या शेजारच्या गोव्याला तर हे दुःख चांगलंच माहीत आहे. ५ डिसेंबर २००४, बंगळुरूमध्ये फेडरेशन कपची फायनल, गोव्याचा डेम्पो विरुद्ध कोलकात्याचं मोहन बागान. डेम्पोचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियरने दुसरा गोल केला आणि त्याच क्षणी तो बागानचा गोलकीपर सुब्रता पॉलला धडकून कोसळला. तो पुन्हा उठला नाही. डेम्पोने कप २-० ने जिंकला, दोन्ही गोल त्याचेच. त्याची १० नंबरची जर्सी क्लबने कायमची बाजूला काढून ठेवली.

पॉल तेव्हा अवघा १८ वर्षांचा होता. त्याच्यावर टीकेची झोड उठली. त्या पोराचं करिअर तिथेच संपलं असतं तर कोणाला आश्चर्य वाटलं नसतं. पण तो टिकला. २०११ च्या आशिया कपमध्ये भारताचा गोल त्यानेच सांभाळला आणि पुढे त्याला अर्जुन पुरस्कारही मिळाला. तेव्हा सोशल मीडिया आजच्यासारखा हातात असता, तर तो टिकला असता का, याचं उत्तर देणं अवघड आहे.

मग ते रेड होतं का?

नियम समोर ठेवून बघितलं तर माझं उत्तर असं. थेट रेड द्यायला हवंच होतं, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण यलो नक्की होतं. आणि आधीचं यलो धरलं तर सिंगो मैदानाबाहेर जायला हवा होता. म्हणजे रेफरीची चूक झाली. ती सुधारण्याची वाट नियमातच नव्हती, म्हणून ती तशीच राहिली.

तुमचं मत वेगळं असू शकतं. ते बिनधास्त मांडा, फुटबॉलमधली निम्मी मजा त्यातच आहे. पण पुढच्या वेळी अशी क्लिप समोर आली की आधी ती एकदा नेहमीच्या वेगात बघा. जखमेवरची नजर काढून पायाकडे बघा. पाय किती उंच होता, वेग किती होता, बॉल कोणाच्या ताब्यात होता, थांबायला वेळ होता का, हे स्वतःला विचारा.

एवढं करूनही रेडच वाटलं, तर खुशाल म्हणा की रेफरी चुकला. फक्त रेड कार्ड त्या टॅकलला द्या. त्या पोराच्या रंगाला, देशाला आणि घरच्यांना नको.